उजव्या खोलीतली निळी जुडी

संशय कधी दार वाजवून येत नाही. मांजराच्या पावलानं येतो, आणि आपण खाली बघेपर्यंत पायाला अंग घासून गेलेला असतो.

वहिनीकडे तो भरदुपारी आला. जेवणाचा डबा अजून उघडायचा होता, यंत्र घरघरत होतं आणि समोरच्या पडद्यावर माकडांचे रंग उमटत होते. तिला त्या संशोधन केंद्रात सगळेच वहिनी म्हणत, कारण तिची नणंद तिथंच वरच्या हुद्द्यावर होती आणि भर बैठकीतसुद्धा तिला वहिनीच म्हणे. एकानं म्हटलं की दहाजण म्हणतात. आता फाटकावरचा पहारेकरीदेखील तिला वहिनीच म्हणत होता.

वहिनीचं काम माकडांच्या रक्तातली काही विशिष्ट जनुकं वाचण्याचं. नवीन माणसाला ती ते फार सोपं करून सांगे. "पेशीच्या अंगावर इवली इवली तबकं असतात बघ. आत कुणी परका शिरला की पेशी त्याचा एक तुकडा तबकात घालून बाहेर धरते. अंगातले राखणदार ते तबक बघतात आणि ओळखतात, ह्या घरात चोर शिरलाय. तबकाचा आकार ठरवतात ती ही जनुकं. आणि ती सुटी सुटी येत नाहीत, जुडीनं येतात. एक जुडी आईची, एक बापाची. एकाच्या तबकात जो तुकडा बसतो, तोच दुसऱ्याच्या तबकातून घरंगळतो." म्हणून तर एकच जंतू एकाच वेळी सगळ्यांच्या श्वासात गेला, तरी एक माकड अंग झाडून उभं राहतं आणि दुसरं कोपऱ्यात मिटत जातं. सगळ्यांचीच तबकं एकसारखी असती, तर एका साथीनं सगळी जमात पुसून गेली असती. निसर्गानं सगळी अंडी एका टोपलीत ठेवलेली नाहीत, एवढंच काय ते.

ओळखायला सोपं पडावं म्हणून वहिनी प्रत्येक जुडीला एक रंग देई. पिवळी, राखाडी, तांबडी, हिरवी, निळी.

त्या दुपारी तिच्यासमोर नणंदेच्या प्रयोगातली माकडं होती. फुफ्फुसांना पोखरणाऱ्या एका जुनाट आजारावरची ही लस. ती टोचायची नव्हती, वाफेसारखी नाकातून घ्यायची होती. म्हणून दोन खोल्या केल्या होत्या. उजव्या खोलीतल्या माकडांना लसीची वाफ, डाव्या खोलीतल्यांना नुसती वाफ. मग दोन्हीकडे आजार सोडला. उजवी खोली तगली. डावी खोली अर्धी रिकामी झाली. केंद्रात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आता माणसांना लस द्यायची परवानगी हवी होती, आणि परवानगी देणाऱ्या समितीनं मागितलं होतं, की माकडांच्या ह्या जनुकांचा तपशील द्या. रक्ताच्या नळ्या नणंदेनंच आणून दिल्या होत्या. "फार घाई नाही, पण उद्या दे," असं म्हणून हसली होती.

नळ्यांवर ह्या वेळी पहिल्यांदाच खोल्यांच्या खुणा होत्या. वहिनीनं उजव्या खोलीचे रंग एका बाजूला ओढले, डाव्या खोलीचे दुसऱ्या बाजूला, आणि हात थांबला.

उजवी खोली निळी होती. एखाद-दुसरा पिवळा, एखादा राखाडी, बाकी निळंच निळं, आभाळ सांडल्यासारखं. डाव्या खोलीत सगळे रंग होते. निळी मात्र एकटीच. आणि ती एकटी जिवंत होती. लस न घेता, आजार अंगावर घेऊन ठणठणीत होती. उलट उजव्या खोलीतल्या पिवळ्यांनी लस घेऊनही खोकून खोकून अंग टाकलं होतं.

वहिनीनं खुर्ची मागे सरकवली. म्हणजे लस जिंकली होती, की निळी जुडी जिंकली होती?

आणि निळ्या सगळ्या एका खोलीत कशा गेल्या? आपोआप? वहिनीच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकलेली पाल भिंतीवरून हलत नाही.

*

नणंदेला घरात चिमणी म्हणत. ती दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी उंच होती, पण लहानपणीचं नाव वाढत्या उंचीबरोबर वाढत नाही. ती वरच्या मजल्यावर एकटी राही आणि जेवायला खाली भावाकडे येई. भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, छातीच्या आजारांच्या इस्पितळात परिचारक होता. त्यालाही सगळे दादा म्हणत, रोगीसुद्धा.

त्या संध्याकाळी ताटं वाढेपर्यंत दादाला दम निघेना.

"ऐक ना, आज माझं नाव पक्कं झालं. परवानगी आली की पहिल्या तुकडीत मी."

वहिनीच्या हातातला डाव भातातच राहिला. "कसल्या तुकडीत?"

"चिमणीच्या लसीच्या. आणखी कसल्या? मी म्हटलं, बहिणीची लस भावानं आधी नाही घ्यायची तर कुणी?"

"मी नको म्हणत होते," चिमणी म्हणाली. "पण ह्याला लहानपणापासून रांगेत पहिलं उभं राहायची हौस. शाळेत डबा खायला पहिला, आता वाफ खायला पहिला."

"आणि वाफ घेतली की मला शेवटच्या वॉर्डात टाकणारेत," दादा म्हणाला. तिथं औषधांना न जुमानणारा आजार झालेले रोगी असत. आजवर वहिनीनं हट्ट करून त्याला तिथं जाऊ दिलं नव्हतं. "तिथं माणसं पाण्याला महाग होतात गं. कुणी जवळ जायला धजत नाही. आता मला काय भीती? चिलखत आहे."

"चिलखताला भोक नाही ना, ते बघा आधी," वहिनी म्हणाली.

बोलता बोलता तिनं नणंदेकडे पाहिलं. चिमणीनं मान खाली घालून भात कालवला. बराच वेळ कालवला. एरवी वहिनीला त्यात काही दिसलं नसतं. आज दिसलं. संशयाचा चष्मा एकदा नाकावर चढला की भात कालवणाऱ्या बोटांतही कारस्थान दिसतं.

"तुझे रंग झाले का गं?" चिमणीनं सहज विचारलं.

"नाही अजून. यंत्र अडलंय," वहिनी म्हणाली.

यंत्र अडलं नव्हतं. त्या घरात वहिनी पहिल्यांदा खोटं बोलली ते असं, भाताच्या वाफेतून.

*

वहिनीला एक गोष्ट पक्की आठवत होती. ही माकडं केंद्रात आली तेव्हा ती कुठून कुठून गोळा केलेली होती, आणि कोण कुणाचं पिल्लू हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा चिमणी तिच्या टेबलाशी येऊन बसली होती. "वहिनी, एवढं सांग, ह्यांच्यात कोण कुणाची." वहिनी म्हणाली होती, नाती रंगांवरूनच कळतील. आणि तिनं रंग दाखवले होते. चिमणी ते रंग खूप वेळ बघत बसली होती, गालावर हात ठेवून.

तेव्हा वहिनीला वाटलं होतं, किती मायेनं बघतेय. आता वाटत होतं, ताकाला येऊन भांडं लपवत होती. नात्यांचं निमित्त, आणि हवे होते रंग.

दुसऱ्या दिवशी ती माकडांच्या इमारतीत गेली. अंगावर झगा, पायात पिशव्या, तोंडावर पट्टी, डोळ्यांवर काच. एवढं चढवलं की माणूस माणसाला ओळखू येत नाही, आणि वहिनीला तेच हवं होतं. पण तिथला रखवालदार पैलवान होता. तो माणसांना चालीवरून ओळखे. त्याला पैलवान म्हणत, कारण वाऱ्यानं उडेल असा त्याचा देह होता आणि गप्पा मात्र आखाडा गाजवल्याच्या. माकडांची उस्तवार त्याच्या हाती होती, आणि आपल्यावाचून केंद्राचं पान हलत नाही, ह्याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"वहिनी, इकडं कुठं वाट चुकली? रंगारी लोक भिंतीपर्यंतच बरे."

"बघायला आले. ज्यांचे रंग वाचते त्यांची तोंडं तरी बघावीत."

"तोंडं बघायला पैसे नाहीत. बघा."

काचेपलीकडे उजवी खोली होती. फळीवर मधोमध एक थोराड मादी बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, जणू सगळ्या घराचा हिशेब तिनंच द्यायचाय. तिचं नाव सासूबाई. तिच्या पाठीला पाठ लावून दोन तरुण माद्या, त्यांच्या कुशीत डोकी खुपसून आणखी कुणी. एक दुसरीच्या केसांतून बोटं फिरवत होती. खोलीत अशी शांतता होती, की वहिनीला दुपारचं निजलेलं घर आठवलं.

मग ती डाव्या काचेपाशी गेली. तिथं फळ्या जास्त होत्या आणि माकडं कमी. एक म्हातारा नर गजाला टेकून श्वास ओढत होता. प्रत्येक श्वास विहिरीतून बादली काढावी तसा वर येत होता. आणि कोपऱ्यात एक मादी ताठ, तुकतुकीत, एकटी.

"ही कोण?" वहिनीनं विचारलं, जरी तिला ठाऊक होतं. ती एकटी निळी.

"ती परकी. कुणाशी पटत नाही तिचं. तब्येत मात्र बघा, दगड पचवेल."

"लस नाही तरी?"

"लस नाही तरी." पैलवान पाण्याच्या नळ्या पुसू लागला. पुसता पुसता गुणगुणू लागला. त्याची आई जात्यावर म्हणायची तसल्या ओळी तो माकडांना ऐकवी.

माहेराच्या वाटेला काटा रुतत गं नाही
लेक चालते उन्हात, माय सावलीनं पाही

"कुणाचं माहेर हो?" वहिनीनं हसत विचारलं.

पैलवानाचं फडकं थांबलं. "कुणाचं म्हणजे? गाणं आहे."

"नाही, सासूबाईंकडे बघून म्हणत होता म्हणून."

"गाण्याला काय, कुठंही बघून म्हणता येतं."

"पैलवान, ह्या सगळ्या आल्यापासून ह्याच खोल्यांत होत्या? की अदलाबदल झाली?"

आता त्यानं नळी खाली ठेवली. बढाया मारणारा माणूस गप्प झाला की ती शांतता फार मोठी वाटते. "हे मॅडमना विचारा," तो म्हणाला. "मला बोलायची मनाई आहे."

"कुणी केली मनाई?"

"मनाई कुणी केली तेसुद्धा सांगायची मनाई आहे. पण तुम्ही घरच्याच. तुम्हाला काय, जेवताना विचाराल."

वहिनी परत निघाली तेव्हा काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. पट्टी, काच, झगा. चोर पकडायला निघालेली बाई चोरासारखीच दिसत होती.

म्हणजे अदलाबदल झाली होती. ती दडवली होती. पाणी मुरत होतं, आणि कुठं मुरतंय तेही दिसत होतं.

*

पुढचे दिवस वहिनीनं घरात चिमणीच्या सावलीवर डोळा ठेवून काढले. चिमणी तिच्यासाठी नव्या वहाणा घेऊन आली. वहिनीला वाटलं, लाच. चिमणी म्हणाली, "डोळे ओढलेत तुझे, झोपत नाहीस का?", वहिनीला वाटलं, चाचपून बघतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण संशय घेणाऱ्याच्या मनात तर भर दुपारीही अंधार असतो.

तिनं सगळ्या नळ्या पुन्हा वाचल्या, गुपचूप. रंग हलले नाहीत.

ती स्वतःशीच भांडे. हिनं माझं काय बिघडवलंय? नणंद-भावजयांची भांडणं लोकांच्या घरी, आमच्यात कधी भांड्याला भांडं लागलं नाही. माझ्या आजारपणात हिनं उशाशी बसून रात्री काढल्या. आणि ही माकडांच्या खोल्यांत हातचलाखी करील? मग लगेच दुसरा आवाज. का नाही करणार? ह्या लसीवर तिचं तारुण्य गेलं. लग्न केलं नाही, गाव पाहिलं नाही. इतकी वर्षं पाळण्यात घातलेलं पोर मेलेलं आहे असं कुणाला मान्य करवतं?

आणि सगळ्याच्या तळाशी दादा. तो इस्पितळातून येऊन शेवटच्या वॉर्डातल्या लोकांची नावं घेऊ लागला होता. कुणाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचंय, कुणाची दाढी करायचीय. "पट्टी लावून दाढी करता येत नाही गं नीट, जवळ जावं लागतं. पण आता काय." त्या 'आता काय'वर वहिनी ताटं उचलून आत जाई. लसीनं त्याला काही अपाय होणार नव्हता. अपाय करणार होता तिच्यावरचा विश्वास. उघड्या हातांनी, उघड्या तोंडानं हा माणूस आगीत जाणार होता, अंगावर चिलखत आहे म्हणून. आणि त्या चिलखताच्या जागी काही माकडांची निळी जुडी होती, जी दादाच्या रक्तात कुठून असणार?

संचालकांकडे जावं, असं तिनं दोनदा ठरवलं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

*

रविवारी सकाळी गच्चीवर चादरी वाळत होत्या. दोघी घड्या घालायला गेल्या, दर रविवारी जात तशा. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. झटकायची, ताणायची, मग दोघींनी चालत जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे जायचं.

"रंग झालेत ना तुझे?" चिमणीनं विचारलं. "समितीनं दोनदा निरोप धाडलाय. यंत्र तर सुरू आहे, मी ऐकलं परवा."

"झालेत."

"मग?"

"उजवी खोली निळी आहे."

चिमणी चादर धरून उभी राहिली. "म्हणजे?"

"म्हणजे ज्या जगल्या त्या निळ्या. लसवाल्या खोलीत जे निळे नव्हते ते गेले. बिनलसीच्या खोलीत जी एक निळी होती ती जगली. तुझी लस कुठं आहे ह्यात, मला दिसत नाही." वहिनीचा आवाज सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. "आणि निळ्या एका खोलीत कुणी गोळा केल्या, ते तूच सांग. पैलवानाला तर तू मनाई केलीस."

चिमणीच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते वहिनी टक लावून बघत होती. तिला भीती हवी होती, नाहीतर राग. उमटला तो गोंधळ. आणि मग हळूहळू, उन्ह भिंतीवरून उतरावं तसं, काहीतरी कळत गेल्यासारखं.

"सासूबाई," चिमणी म्हणाली.

"काय सासूबाई?"

"तूच सांगितलंस मला. ह्या दोघी हिच्या लेकी, ती तिची नात, ही बहीण. रंगांवरून." ती एकेक शब्द जपून ठेवत होती. "वहिनी, त्या आल्या तेव्हा आम्ही त्यांना चिठ्ठ्या टाकून वाटलं होतं, नियमाप्रमाणे. आणि त्या जेवेनात. केस उपटत होत्या स्वतःचे. एक तर रात्रंदिवस दाराकडे बघून ओरडायची. पैलवान माझ्या पाया पडला. म्हणाला, मॅडम, माझ्या गाण्यानं होत नाही, ह्यांना माहेरी धाडा. म्हणून मी तुझ्याकडे आले. कोण कुणाची ते विचारायला. आणि जी जिची होती तिला तिच्याजवळ नेऊन ठेवलं. वजन बघितलं, वय बघितलं, दोन्ही खोल्या सारख्या केल्या. रंगाचं डोक्यातही नव्हतं, तेव्हा निळ्याचा गुण कुणाला माहीत होता? मग कुठल्या खोलीला लस ते नाणं उडवून ठरवलं. सगळ्यांसमोर."

"मग लपवलंस का?"

"चिठ्ठ्या मोडल्या म्हणून. विचारायला गेले असते तर नको म्हणाले असते. मला वाटलं, पोरी आईजवळ गेल्या, एवढंच तर झालं."

वहिनीच्या हातातली चादर वाऱ्यानं फुगली. लेकी आईजवळ गेल्या, आणि आईची जुडी बरोबर घेऊन गेल्या. माया एका खोलीत गोळा झाली तशी निळीही झाली. एवढं साधं. जनुकांच्या कामात आयुष्य घातलेल्या दोन बायकांच्या डोक्यात आलं नाही, की घराणं हलवलं की घराण्याचं रक्तही हलतं. वहिनीनं रंग दाखवून नाती सांगितली होती, आणि नात्यांवरून रंग वाटले गेले होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"खोल्या उलट पडल्या असत्या तर?" वहिनी पुटपुटली.

"तर लस विषारी आहे असं म्हणालो असतो आपण," चिमणी म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात काही नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"किती दिवस झाले?" चिमणीनं विचारलं.

"कशाला?"

"मी चोर आहे असं तुला वाटायला."

वहिनी चादरीची कड बोटाला गुंडाळू लागली.

"तू माझ्या समोर बसून जेवत होतीस. मी वाढत होते तुला. एकदा विचारलं असतंस." चिमणीचा आवाज चढला नाही. "चोरी केली असती, तर रक्त तुझ्याच हातात आणून दिलं असतं का मी?"

वहिनीनं खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ह्या वेळी जमलं नाही. "मला वाटलं, घरची आहे म्हणूनच मला दिलंस."

चिमणीनं चादरीचं आपलं टोक सोडलं नाही. ती चालत जवळ आली, टोक टोकाला लावलं, आणि मागे न जाता खाली निघून गेली. घडी अर्धीच राहिली.

*

दादाला चिमणीनंच सांगितलं. वहिनी दाराआड उभी होती, आत जायचा धीर नव्हता.

"तुझं नाव काढून घे."

"का? मी शब्द दिलाय त्यांना."

"मी मोडतेय तुझा शब्द. लस आहे की नाही हेच ठाऊक नाही मला. असेलही. नसेलही. माझा प्रयोग बाद झाला, दादा."

दादाची खुर्ची करकरली. मग म्हणाला, "त्या एकाची दाढी करायची राहिली होती."

"पट्टी लावून कर."

"पट्टी लावून गालाला वस्तरा लागतो गं."

"लागू दे," चिमणी म्हणाली, आणि मग वहिनीला तिचं रडणं ऐकू आलं, उंच माणसाचं वाकून रडणं. दादा तिला समजावत होता. लहानपणी समजावत असेल तसं, कसल्यातरी वेड्यावाकड्या विनोदानं.

दुसऱ्या दिवशी चिमणी स्वतः संचालकांकडे गेली. चिठ्ठ्या मोडल्याचं सांगितलं, निळ्याचं सांगितलं. कुणाच्या डोक्यावर खापर फोडलं नाही, पैलवानाच्याही नाही. त्यांनी तिच्यावर ताशेरे ओढले आणि प्रयोग पुन्हा करायला सांगितलं, पहिल्यापासून. पेढे कुणी वाटले नाहीत.

घरात ती जेवायला येत राहिली. बोलत राहिली. फक्त आता काही बोलली की वहिनीकडे एकदा बघे, हे हिला खरं वाटलं का, ते पाहायला. वहिनीला ते बघणं घशाखाली उतरेना. संशय तिनं घरात आणला होता. आता त्याला नवी मालकीण मिळाली होती.

*

नवी माकडं केंद्राच्या पैदाशीच्या अंगणातून यायची होती. तिथं ती कळपानं राहत, माय-लेकी, बहिणी, आज्या. एका सकाळी चिमणी वहिनीच्या टेबलाशी आली. खुर्चीवर बसली नाही.

"ह्या वेळी खोल्या तू वाटायच्यास," ती म्हणाली. "रंग बघून. निळ्या अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं. पिवळ्या, राखाड्या, सगळ्या तशाच. त्यानंतर मला काही सांगू नकोस. कोण कुठं आहे ते मला कळता कामा नये. आणि तुझी वाटणी बाहेरचा माणूस तपासेल."

"तपासू दे."

"मी त्याला सांगितलंय, नीट तपास. घरची आहे."

वहिनीनं मान हलवली. हे तिला लागायला हवं तसंच लागलं, आणि तिनं लागू दिलं.

तिनं वाटायला घेतलं. पडद्यावर ते सोपं होतं. निळा ठिपका उचलायचा, डावीकडे ठेवायचा. दुसरा उचलायचा, उजवीकडे. पण प्रत्येक ठिपक्याच्या मागं तिला आता नातं दिसत होतं, आणि निळ्यांना अर्धं करायचं म्हणजे काय करायचं ते तिला नीट माहीत होतं. तिनं एका आईला डावीकडे ठेवलं आणि तिच्या लेकीला उजवीकडे. हात मागे घेतला. पुन्हा बघितलं. बहिणींत फूट पाडून हे जमतंय का, ते बघितलं. जमत नव्हतं. दादा त्या वेळी इस्पितळात शेवटच्या वॉर्डात होता. तिचा हट्ट आता चालला नव्हता, तो पट्टी लावूनच जात होता. ती लस खरी आहे की नाही हे कळायला दुसरी वाट नव्हती. तिनं लेकीला उजवीकडेच ठेवलं.

तिनं एवढंच मागितलं, की कुणाला एकटं ठेवू नये. प्रत्येकीजवळ कुणीतरी असावं, परकं का होईना, आणि महिनाभर आधीपासून, म्हणजे ओळख होईल. हे मान्य झालं.

पिंजरे न्यायच्या दिवशी ती गेली. जायची गरज नव्हती, पण आपण ओढलेली रेघ दुसऱ्यानं जमिनीवर ओढावी आणि आपण कागदाआड बसावं, हे तिला पटेना. पैलवान पुढं होता. तो आज गुणगुणत नव्हता. त्यानं एक पिंजरा उजवीकडे नेला, एक डावीकडे, आणि मधल्या दाराशी आईनं गजांतून हात बाहेर काढला. लेकीनंही काढला. हात पुरले नाहीत. मग आवाज सुरू झाला.

"ही वाटणी कुणाची?" पैलवानानं विचारलं. त्याला सांगायचं नव्हतं. नियम होता.

वहिनी त्या दोन हातांकडे बघत राहिली.

त्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, झग्यातून, पट्टीतून, काचेतून. "मला वाटलंच," तो म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.